घर, कर्ज आणि शिल्लक



कापसाचे पैसे हाती आले, किंवा नोकरदाराला थकबाकी मिळाली, की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील कित्येक घरांत एकच चर्चा सुरू होते. घरधनी म्हणतो, "बँकेचे कर्ज तेवढे कमी करू." घरधनीण म्हणते, "दोन पावसाळे झाले, स्वयंपाकघर गळते आहे." म्हातारी आई म्हणते, "लेकरांनो, थोडे हाताशी ठेवा, वाईट दिवस सांगून येत नाहीत." तिघांचेही म्हणणे रास्त असते. पैसा मात्र एकाच कामाला पुरेल इतका असतो.

हा हिशेबाचा प्रश्न आहे, त्यात उपदेशकाने काय सांगावे, असे कोणी म्हणेल. परंतु आपला पैसा कोणत्या क्रमाने खर्च होतो यावरून आपले अंतःकरण कोठे आहे हे जितके कळते, तितके पुष्कळदा आपल्या प्रार्थनांवरूनही कळत नाही. म्हणून या तिघांचे म्हणणे पवित्र शास्त्राच्या उजेडात तपासून पाहू या.

प्रथम घराची गोष्ट घेऊ. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. जो नवे घर बांधील त्याने धाब्याला कठडा करावा. नाहीतर तेथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. येथे शास्त्राला जीव राखण्याची काळजी आहे. दुसरीकडे हाग्गय संदेष्ट्याने, स्वतः तक्तपोशीच्या घरांत राहून परमेश्वराचे मंदिर ओसाड ठेवणाऱ्यांना खडसावले आहे. तेव्हा घरावरचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक कठड्याचा आणि एक तक्तपोशीचा.

बेला, जैनथ, तांसी या भागांत राहणाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंतींना तडे जातात. स्लॅबमधून पाणी झिरपले की आतले लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि सिमेंटचे पोपडे खाली पडू लागतात. अशी गळती पुढे ढकलली तर तीही सावकाराच्या व्याजासारखी वाढते. हा कठड्याचा खर्च होय. परंतु शेजाऱ्याने बैठकीच्या खोलीत ग्रॅनाइट बसविले म्हणून नाताळापूर्वी आपणही बसवावे, ही तक्तपोशी झाली. ती पाप आहे असे मी म्हणत नाही. तिची पाळी शेवटी यावी, एवढेच म्हणतो.

आता कर्जाकडे वळू. ऋणको धनकोचा दास होतो, हे नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायातील सत्य आपल्या लोकांनी भोगून पाहिले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनीही हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा वाढला, आणि कर्ज मात्र जसेच्या तसे राहिले. शेवटी मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली आणि दंगे गावोगाव पसरले. त्यानंतर १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तेजीत काढलेले कर्ज मंदीत फेडावे लागते, हा कापूस पिकविणाऱ्यांनी तरी विसरू नये असा धडा आहे. नहेम्याच्या ५ व्या अध्यायात शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून दुष्काळात धान्य आणणाऱ्यांचा आक्रोश वाचताना आपल्याला आपलेच गाव दिसते.

आजचे गृहकर्ज त्या सावकारीपेक्षा पुष्कळ सौम्य आहे. तरी त्याचा हिशेब समजून घ्यावा. समजा, कोणी १० लाख रुपये शेकडा ९ दराने १५ वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १०,१४३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. सुरुवातीलाच १ लाख रुपये अधिक भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे ३३ हप्ते कमी होतात आणि सव्वादोन लाखांहून अधिक व्याज वाचते. व्याजाचा दर बदलता असलेल्या गृहकर्जाची मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना सांगितले आहे. शिवाय दर वाढला की, हप्ता तोच राहिला तरी, कर्जाची मुदत लांबते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा पुष्कळांना हे कळून आले. म्हणून जादा फेड करणे शहाणपणाचे आहे, यात शंका नाही.

हाच हिशेब मीही केला होता, आणि त्यातच मी चुकलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये हाताशी असलेली सर्व शिल्लक मी कर्जखात्यात भरली आणि पुढच्या रविवारी मोठ्या समाधानाने, कोणाचे देणेकरी राहू नका, या रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायातील बोधावर संदेश दिला. मे महिन्यात आईला रात्री नागपूरला न्यावे लागले. दवाखान्यात आधी अनामत रक्कम मागितली. बँकेत मी भरलेले एक लाख रुपये माझेच होते, पण त्या रात्री ते माझ्या हाती येणार नव्हते. शेवटी पत्नीने हातातल्या बांगड्या काढून दिल्या, आणि ५० हजार रुपये शेकडा तीन रुपये महिना या दराने घ्यावे लागले. शेकडा ९ चे व्याज वाचविण्यासाठी मी शेकडा ३६ चे व्याज पत्करले होते! वर्षाला साडेचार हजारांच्या जागी अठरा हजार. देवाच्या कृपेने आई बरी झाली. पण पैशाच्या नुकसानीहून दुसरीच गोष्ट मला अधिक बोचली. फेब्रुवारीत निर्णय घेताना मी पत्नीला विचारलेही नव्हते, आणि मे महिन्यात बांगड्या मात्र तिच्या गेल्या.

माझ्या मते या सर्व प्रश्नाचे मर्म येथेच आहे. कोणत्या मार्गाने अधिक रुपये वाचतील, हा दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा की, माझा अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण भरणार? मी कठडा बांधला नाही तर पडणारे लेकरू असते. शिल्लक ठेवली नाही तर बायकोचे दागिने जातात, मुलीची फी थांबते, जामीन राहिलेल्या भावाला बँकेची नोटीस येते. कर्ज फेडले नाही तर माझ्यामागे मुलांच्या माथी ते बसते. पैसा माझ्या नावावर असला तरी त्याचा धोका पुष्कळांच्या नावावर असतो.

हे ध्यानात ठेवून २ राजे ४ था अध्याय पुन्हा वाचा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे आली. कर्ज नवऱ्याने केलेले होते, आणि सावकार दोन मुलांना दास म्हणून न्यायला आला होता. घरात थोडेसे तेल तेवढे होते. देवाने ते वाढविले. मग अलीशाने काय सांगितले? तेल विकून कर्ज फेड, आणि जे उरेल त्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा. देवाने दिलेल्या तेलात सावकाराचा वाटा होता आणि लेकरांच्या उद्याच्या भाकरीचाही होता. एकासाठी दुसरा वाटा रिकामा ठेवला नाही.

म्हणून मला जो क्रम योग्य वाटतो तो असा. आधी ठरलेला हप्ता चुकवू नये. ते दिलेले वचन आहे. मग जिवाला धोका असलेली किंवा दरसाल वाढत जाणारी दुरुस्ती करावी. त्यानंतर अडचणीसाठी शिल्लक साठवावी. नोकरदाराने निदान तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, आणि शेतकऱ्याने पुढचे पीक हाती येईपर्यंतची. ती बँकेत वेगळ्या खात्यात असावी. सावकाराचे जबर व्याजाचे कर्ज असेल तर थोडी शिल्लक होताच आधी ते मिटवावे. मग गृहकर्जात जादा भरणा करावा. ग्रॅनाइट त्याच्याही मागून येऊ द्यावे.

कोणी विचारील, उद्याची चिंता करू नका असे प्रभूने सांगितले असता शिल्लक ठेवणे हा अविश्वास नव्हे काय? योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवविला, तो अविश्वासाने नव्हे. देवाने दाखविलेले त्याने खरे मानले म्हणून ठेवविला. त्या कोठारांतून सगळ्या देशाला अन्न मिळाले. लूकाच्या १२ व्या अध्यायातील धनवानाने मात्र मोठी कोठारे स्वतःसाठीच बांधण्याचे मनात आणले, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागण्यात आला. दोघांचीही कोठारेच होती. भेद कोठाराच्या दारात आहे. ते दार दुसऱ्यासाठी उघडते की नाही, यात आहे. २०२० च्या टाळेबंदीत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिले. त्या दिवसांत ज्यांच्या घरी थोडी शिल्लक होती, त्यांनाच शेजाऱ्याच्या घरी तांदूळ पोहोचविता आला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. विधवेच्या तेलाची गोष्ट शिकविताना भांडी भरली तेथे थांबू नका. शेवटचे वचनही मुलांना सांगा, आणि विचारा, "तुमच्या घरी भांडे भरले तर कोणाकोणाचा वाटा काढाल?" मुले आपल्याहून चांगली उत्तरे देतील.

आणि घरधन्यांनो, या वर्षी कापसाचे पैसे येतील तेव्हा बँकेत जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसा. कागद घ्या, देणे लिहा, गळती लिहा, शिल्लक लिहा, प्रभूच्या कार्याचा वाटा लिहा. जिच्या बांगड्या पणाला लागणार आहेत तिला आधी बोलू द्या. मग सर्वांनी मिळून प्रार्थना करा आणि ठरवा. आमच्या घरी आता तसे करतो. गेल्या वर्षी पत्नीच्या सांगण्यावरून आधी स्वयंपाकघराची गळती काढली, आणि कर्जाचा जादा भरणा एक वर्ष थांबला. व्याज थोडे अधिक गेले खरे. पण त्या निर्णयाचा भार आम्ही सर्वांनी जाणूनबुजून उचलला होता, आणि तो मला मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ हलका वाटला.