अहिंसा आणि अंतर

जुन्नर-आंबेगावात कुकडी-घोडच्या धरणांमागोमाग ऊस वाढला आणि उसात बिबट्याने संसार मांडला. २०२५ साली शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड येथे, बालकांचे व वृद्धेचे बळी गेल्यावर वनखात्याने नेमबाजांकरवी एक बिबट्या गोळी घालून मारविला. दूरस्थ सज्जन त्यास हिंसा म्हणतात. ती हिंसा आहेच. परंतु रात्री उसाला पाणी धरावयास ज्याला जावयाचे नाही, त्याची अहिंसा फार स्वस्त होय. लीळाचरित्रात सर्वज्ञांनी ससा राखला तो आपल्या जानूखाली, दुरून उपदेश करून नव्हे. आणि पारध्यांशीही ते बोलले. तथापि एका नरभक्षकावर नाइलाजाने झाडलेली गोळी निराळी, आणि दिसेल तो बिबट्या मारा ही आरोळी निराळी. तीत सूड आहे. घरालगतचा ऊस मागे सारावा, हे मात्र शहर सहसा म्हणत नाही, गावही नाही.