उंबरठ्याची मर्यादा

उमरखेडसारख्या गावात दिवस कलला की घरोघरची दारे उघडी दिसतात. पैनगंगेच्या या मुलखात दारी आलेल्याला ‘या, बसा’ म्हणून पाणी देणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, तो धर्मच मानला जातो. अशा उघड्या दारात कोणी धर्मग्रंथ घेऊन उभा राहिला, तर घरधन्याने काय करावे? आणि त्या उभ्या राहणाऱ्याने?

आम्हां कॅथलिकांना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पडतो. अन्य पंथांचे प्रचारक आमच्या दारी येऊन पवित्र मरियेच्या भक्तीवर आक्षेप घेतात, तेव्हा आमचे मन दुखावते. परंतु सुवार्ता सांगण्याची आज्ञा आम्हांलाही आहे. म्हणून इतरांना लावायचे तेच माप आम्ही स्वतःलाही लावले पाहिजे.

घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. मात्र या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. अमेरिकेत एका नगराने दारे ठोठावून पत्रके वाटण्यास सरसकट बंदी केली होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली ती रद्द केली. पाहुण्याला घ्यावे की परतवावे, हे नगरपालिकेने नव्हे, तर त्या घराने ठरवायचे, असा त्या निकालाचा आशय होता. आम्हांला हा विचार रास्त वाटतो.

पण घराला खरोखर ठरविता येते का? आमच्याकडे ‘नाही’ म्हणणे जड जाते. चूल पेटलेली असते, आजारी माणूस आत निजलेला असतो, तरी गृहिणी सतरंजी अंथरते. तिचे ‘बसा’ म्हणजे ‘सांगा’ नव्हे. ती ऐकते आहे असे वाटते; वस्तुतः ती भिडेपोटी थांबलेली असते. जेथे यजमानाला नकार देता येत नाही, तेथे तो नकार ओळखून उठण्याची जबाबदारी पाहुण्यावर येते. मयताच्या घरी, कर्जाने गांजलेल्याच्या घरी, एकट्या वृद्धेपाशी ती दुप्पट होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावर जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात हीच सूचना आहे: गरिबांच्या व अशिक्षितांच्या बाबतीत दडपण किंवा अनुचित मनधरणी करणे हा स्वतःच्या हक्काचा दुरुपयोग आणि दुसऱ्याच्या हक्काचा भंग होय.

प्रभू येशूनेही शिष्यांना पाठविताना प्रथम त्या घराला शांती चिंतावयास सांगितले. कोणी न स्वीकारल्यास पायांची धूळ झटकून पुढे जावयास सांगितले. दार ढकलावयास सांगितले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. पुढचा विचार टिळकांनी स्वतः केला आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा निर्णय मात्र त्यांच्याबरोबर झाला नाही. ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी ख्रिस्ताकडे त्या आपल्याच विचाराने, आपल्या वेळी आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आम्हांला नेहमी वाटते, की पतीलाही जो उंबरठा ओलांडता आला नाही, तो अनोळखी प्रचारकाने कसा ओलांडावा?

याची दुसरी बाजूही आम्ही विसरू नये. दारी आलेला प्रचारक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, जमाव जमवून धमकावण्याचा अपराधी ठरत नाही. ‘आम्हांला ऐकावयाचे नाही’ असे सौम्यपणे सांगावे आणि पाणी देऊन निरोप द्यावा. आम्हीही कोणाच्या दारी गेलो, तर येऊ का, असे आधी विचारावे, थोडक्यात बोलावे आणि चेहऱ्यावरचा संकोच दिसताच उठावे. शेजाऱ्याच्या ‘नाही’ची राखण करणाऱ्यालाच आपल्या ‘होय’साठी संरक्षण मागता येते.