मनिलाचा कायदा, पहिलीचा वर्ग

डिसेंबर १८८८. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या उत्तरेकडच्या मालोलोस गावातल्या २० तरुणी थेट स्पॅनिश गव्हर्नर-जनरलपुढे अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. रात्रशाळा काढू द्या, आम्हाला स्पॅनिश शिकायचंय, एवढीच मागणी. गावच्या पाद्रीबुवांनी मोडता घातला, तरी मुली हटल्या नाहीत. शाळा निघाली, काही महिने चालली आणि बंद पडली. कादंबरीकार होसे रिसालने त्यांना मुद्दाम पत्र लिहून शाबासकी दिली.

मातृभाषेतल्या शिक्षणाचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकीकत अडचणीची वाटते. गावोगावी सरकारी शाळा आणि त्यांत स्पॅनिश, असा हुकूम १८६३ मध्येच निघाला होता. पण गावात चलती होती ती पाद्र्यांची. रयत स्पॅनिश शिकली तर कागद वाचील, अर्ज करील, हे ते पक्कं ओळखून होते. रिसालच्या 'नोली मे तांगेरे' या १८८७ च्या कादंबरीतला मास्तर पाद्र्याच्या घराच्या तळमजल्यावर, त्याच्या घोडागाडीशेजारी वर्ग भरवतो. मुलं न कळणारी पुस्तकं घोकतात. मास्तर स्पॅनिश शिकवू पाहतो, तर त्यालाच दटावलं जातं. म्हणजे इथे स्वभाषा हा लोकांना कोंडून ठेवायचा कोंडवाडा होता.

त्यामुळे स्पेन जाऊन अमेरिकेचं राज्य आल्यावर १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या अमेरिकन जहाजातून सुमारे ५०० शिक्षक उतरले आणि इंग्रजी सर्वांना फुकट मिळू लागली, तेव्हा लोकांनी ती हावरेपणाने घेतली, यात नवल नाही. पुढे १९०७ च्या कायद्याने दहा लाख पेसो मंजूर झाले आणि ठरावीक नकाशावर शाळा उभ्या राहिल्या: जमिनीपासून उचललेल्या, उंच छताच्या, मोठाल्या खिडक्यांच्या. कायदा आणणाऱ्या गाबाल्दोन यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात आणि त्यांतल्या काहींत अजून वर्ग भरतात. इमारती चांगल्या होत्या, हे मान्य करायला हवं. पण त्याच शाळांमधून पुढे घरची भाषा तोंडातून निघाली की दंडाचं नाणं वसूल करायची चाल पडली. पाद्र्यांनी परकी भाषा शिकू दिली नाही, नव्या मास्तरांनी आपली बोलू दिली नाही. वर्गातलं पोर दोन्ही वेळा गप्पच.

आजचा वर्ग वरवर पाहता अजिबात गप्प नसतो. बाई आत आल्या की चाळीस-पन्नास गळ्यांतून सुरात 'गुड मॉर्निंग, मॅऽऽम' निघतं. सफाईची पाळी वारावारी वाटलेली असते. जुन्या लाकडी जमिनीला मेण लावायचं, मग नारळाचं अर्धं सोडण पायाखाली घेऊन कंबर हलवत जमीन चकचकीत करायची, हे काम कित्येक पिढ्यांनी हसतखिदळत केलंय. चाचणी जाहीर झाली की पाव ताव कागदासाठी वर्गभर उसनवारी. ज्याच्याकडे नवं पॅड, तो त्या दिवशीचा सावकार. आणि विज्ञानाचा तास? पुस्तकातलं वाक्य बाई इंग्रजीत वाचतात, पोरांचे चेहरे बघतात आणि तेच सेबुआनोत किंवा इलोकानोत, म्हणजे घरच्या भाषेत, समजावून सांगतात. कायदा काही म्हणो, धडा कळतो तो इथे.

२०१२ मध्ये सरकारने हेच अधिकृत केलं. तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण. आधी १२ भाषा, पुढे १९. देशात भाषा दीडशेहून अधिक. कुठे पुस्तकं उशिरा पोचली, कुठे पोचलीच नाहीत. शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, आणि चौथीत मुलाला पुन्हा इंग्रजी आणि राष्ट्रभाषा फिलिपिनो यांच्या दारात उभं करायचं. पालकही कुरकुरले. परदेशातली नर्सची नोकरी, जहाजावरचं काम, मनिलातलं कॉल सेंटर, सगळं इंग्रजीवर चालतं. त्यांना मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याकडची मुलं डॉक्टर व्हायला तिथल्या दावाओ शहरात जातात, तीही तिथे इंग्रजीतून शिकता येतं म्हणूनच.

त्यात २०१८ ची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी आली. ७९ देशांत वाचनात फिलिपिन्स शेवटचा: ३४० गुण, श्रीमंत देशांची सरासरी ४८७. शिक्षणाची दैना झाली म्हणून देशभर हाकाटी उठली, आणि मातृभाषेच्या प्रयोगाकडेही बोटं वळली. इथे जरा हिशेब करावा. चाचणी देणारी मुलं १५ वर्षांची, म्हणजे पहिलीत गेली २००८-०९ च्या सुमारास. मातृभाषेचा नियम त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. ती जुन्या, इंग्रजी-फिलिपिनो पद्धतीत वाढलेली होती. २०२२ च्या चाचणीत मातृभाषेची पहिली मुलं बसली, गुण ३४७. पण त्याआधी मार्च २०२० पासून शाळांना जवळपास दोन वर्षं टाळं होतं आणि मुलं घरी छापील पुस्तिका भरत होती. या आकड्यावरून प्रयोग फसला म्हणणं अन्याय आहे. आणि यशस्वी झाला, असंही मी म्हणणार नाही.

२०१२ मध्ये पहिलीत बसलेली तुकडी २०२४ च्या मध्याला बारावी होऊन बाहेर पडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नव्या कायद्याने मातृभाषेची सक्ती काढून टाकली. बारा वर्षं वाट पाहिली होती, तर त्या पहिल्या तुकडीचं पुढे काय होतं हे पाहायला आणखी दोन-तीन वर्षं थांबायला हवं होतं.