कुळाचा शोध : कागदात आणि रक्तात

अलीकडे आपल्या घरांत एक नवी उत्सुकता शिरली आहे. एका नळीत थोडी लाळ भरून ती प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि काही आठवड्यांनी उत्तर घ्यायचे, की आपल्यात अमुक टक्के दक्षिण आशिया आहे आणि तमुक टक्के पश्चिम आशिया. दुसरीकडे पणजोबांचा शाळेचा दाखला, तहसीलमधला जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, ट्रंकेच्या तळाशी पडलेली मोडी सनद यांचा शोध चालू असतो. दोन्ही वाटांनी विचारले जाते ते एकच : आपले हे आडनाव आले कोठून? प्रश्न निर्दोष आहे. परंतु मिळालेल्या उत्तराचे आपण काय करावे, याविषयी दीनने आपल्याला मोकाट सोडलेले नाही, आणि या लेखात विचार करावयाचा आहे तो त्याचाच.

प्रथम आडनावाकडेच पाहू. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना पारनेर तालुक्यात सुपा हे गाव लागते. औद्योगिक वसाहतीमुळे आज ते सर्वांना ठाऊक आहे. समजा, एखाद्या मुस्लिम घराचे आडनाव सुपेकर आहे. ते घर मूळचे याच सुप्याचे, असे आपण चटकन म्हणून टाकू. पण बारामती तालुक्यातही एक सुपे आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या संदर्भात पुण्याबरोबर ज्याचे नाव येते, ते हे सुपे. तिसरे सुपा उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी होते. आज ते धरणाच्या पाण्याखाली आहे आणि त्याचे नाव धरणालाच राहिले आहे. आता या घराने कोणत्या गावाच्या पिंपळाखाली आपले पूर्वज शोधावेत? आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. सुप्यात राहणाऱ्याला सुप्यात कोणी सुपेकर म्हणत नाही. ‘कर’ लागतो तो गाव सोडल्यावर, परगावच्या लोकांच्या तोंडून. म्हणजे असे आडनाव पूर्वजांच्या मुळाची खूण असण्याऐवजी त्यांच्या स्थलांतराची खूण असते, आणि त्या गावात त्यांच्या किती पिढ्या गेल्या हे ते मुळीच सांगत नाही.

देशावरच्या आपल्या बहुतेक आडनावांची कथा अशीच आहे. तांबोळी, अत्तार, बागवान, शिकलगार, पिंजारी, मणियार ही नावे हातातल्या कामाची. मुलाणी, काझी, मुजावर ही गावाने वा दर्ग्याने सोपवलेल्या सेवेची. इनामदार, जहागीरदार, किल्लेदार, देशमुख, पाटील ही वतनाची व अधिकाराची. शेख हे तर कित्येक घरांना शाळेत नाव घालताना, दुसरे काही सुचले नाही म्हणून, मिळालेले आहे. एका आजोबांचे दोन मुलगे. एक वडिलांच्या दुकानावरून अत्तार झाला, दुसरा नोकरीच्या गावी शेख झाला, असेही घडले. आडनाव रक्ताबरोबर वाहत आले आहे हे गृहीतच आपल्याकडे कच्चे आहे.

जुने कागद अधिक बोलके असतात, यात शंका नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे प्रचंड भांडार आहे. काझींच्या आणि दर्ग्यांच्या सनदा फारसीत व मोडीत आहेत. मुस्लिम ओबीसी घरांना तर ही शोधाशोध हौसेने नव्हे, गरजेने करावी लागते. जात पडताळणी समितीसमोर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो, आणि पुष्कळ जुन्या दाखल्यांत जातीच्या रकान्यात केवळ ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले सापडते. मास्तरांनी दोन शब्द कमी लिहिले आणि नातवाचा प्रवेश अडला. अशा वेळी खरा कागद शोधणे हे हक्कासाठी केलेले रास्त कष्ट आहेत. खोटा कागद तयार करून घेणे ही मात्र खोटी साक्ष आहे, मग ती खालच्या जातीची असो वा वरच्या कुळाची.

वरच्या कुळाच्या खोट्या साक्षीचा मोह किती जुना आहे, हे आपल्या नगरच्याच इतिहासात दिसते. अहमदनगर वसवणाऱ्या मलिक अहमद निजामशाहाचे वडील मलिक हसन बहरी. इतिहासकार फरिश्ता, ज्याचे बालपण नगरातच गेले, तो लिहितो की हे हसन मुळात तिमप्पा नावाचे ब्राह्मण मूल. बहमनी फौजेने विजयनगरच्या मुलखातून त्याला बालपणीच धरून आणले आणि ते इस्लाममध्ये वाढले. पित्याचे नाव भैरव. त्याचेच पुढे बहरी झाले. त्यांचे घराणे मूळचे पाथरीचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातले, कुलकर्णी. पुढे त्यांचा नातू बुरहान निजामशाह याने पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहाकडे मागितली, मिळाली नाही तेव्हा लढून घेतली आणि आपल्या तेथील ब्राह्मण आप्तांच्या हवाली केली, असेही फरिश्ता नमूद करतो. याच घराण्याच्या आश्रयाने लिहिला गेलेला ‘बुरहान-ए-मआसिर’ मात्र या सुलतानांचे नाते बहमनी राजवंशाशी जोडून देतो. एकाच घराच्या या दोन वंशावळी. एक दरबारी, दुसरी सामान्य. शेजाऱ्याचे गाव लढून घेणे हा स्तुतीचा विषय नव्हे, ते बाजूला ठेवू. पण ज्याच्या आजोबांनी पाथरीचे घर पाहिलेही नसेल, त्या राजाला तेथील गैरमुस्लिम आप्त आपले वाटावेत आणि त्यांच्यासाठी काही करावे असे वाटावे, हे मला त्या राजवंशी वंशावळीपेक्षा किती तरी मोलाचे वाटते. हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांनी आपल्या मुश्रिक आईशी संबंध ठेवावा काय, असे विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो ठेवण्यासच सांगितले होते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. पितृवंशाची चाचणी वाय गुणसूत्रावर होते. ते पित्याकडून पुत्राकडे जाते, मुलीकडे जात नाही. मातृवंशाची चाचणी आईकडून आलेल्या दुसऱ्या एका अंशावर होते. दहा पिढ्या मागे गेलात तर आपल्या पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. वाय गुणसूत्र त्यांतील केवळ एकाविषयी बोलते. उरलेल्या १,०२३ जणांविषयी ते मुके असते. टक्केवारी सांगणारी चाचणी तर आजच्या माणसांच्या नमुन्यांशी आपली तुलना करते. कंपनीचा संग्रह बदलला की आपले टक्केही बदलतात, आजोबा तेच असले तरी.

या विज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. कोकणातील बेने इस्रायली समाजाचे उदाहरण पाहा. किहीमवरून किहीमकर, पेणवरून पेणकर अशी गावांची आडनावे लावणारे, मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक आपली परंपरा तोंडी सांगत आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा भरीव वाटा आढळला. तोंडी परंपरेला आधार मिळाला आणि स्थानिक आयांची, आज्यांची आठवणही त्याबरोबर वर आली. आपल्या अधिक जवळचा अभ्यास २०१० चा आहे. भारतीय उपखंडातील स्वतःला सय्यद म्हणवणाऱ्या पुरुषांची वाय गुणसूत्रे त्यात तपासली. अरब वंशाचा अंश त्यांच्यात इतरांहून अधिक दिसला; पण ते सारे अलीकडच्या एकाच पुरुषाचे वंशज असल्याचे दिसले नाही. यावरून कोणा एका घराचा दावा खोटा ठरत नाही, खराही ठरत नाही. एवढे मात्र उघड आहे की या पदवीखाली अनेक निरनिराळी कुळे येऊन मिळाली आहेत.

येथे शरीअतचा शब्द आठवला पाहिजे, आणि तो कडक आहे. जो जाणूनबुजून आपल्या पित्याखेरीज दुसऱ्याला पिता म्हणवतो त्याला जन्नत हराम असल्याची चेतावणी बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारा, असा आदेश सूरह अल-अहजाब (३३:५) मध्ये आला, आणि जैद बिन मुहम्मद म्हणून ओळखले जाणारे हजरत जैद (रजि.) पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेषितांच्या (स.) पुत्राचे नाव सुटणे याहून मोठा सन्मान सुटणे ते काय? तरीही सत्याला तेथे सूट नव्हती. मग लग्नपत्रिकेवर शोभेसाठी लावलेला ‘सय्यद’ आपण कोणत्या तोंडाने क्षम्य ठरवणार?

त्याच आयतीत पुढची सोय आहे : पिता कोण हे ठाऊक नसेल तर ते तुमचे दीनमधील बंधू. हजरत सालिम (रजि.) यांच्याबाबत हेच झाले. ते मुक्त झालेले गुलाम, अबू हुजैफा (रजि.) यांचे मानलेले पुत्र. पित्याचे नाव माहीत नव्हते म्हणून त्यांच्या नावापुढे ‘अबू हुजैफांचे मौला’ एवढेच लागले. प्रेषित (स.) मदीनेस पोहोचण्यापूर्वी कुबाच्या परिसरात आलेल्या मुहाजिरांची इमामत हेच सालिम करीत, कारण कुरआन त्यांना सर्वांत अधिक येत होते. मागे उभे राहणाऱ्यांत कुरैशचे खानदानी पुरुष होते. आज आपल्या मोहल्ल्यात असा सालिम इमाम म्हणून चालेल; पण त्याने मुलीसाठी मागणी घातली तर? ‘बिरादरी कोणती’ हा प्रश्न आपण आधी विचारतो आणि नमाजचा नंतर. वंशाची फुशारकी आणि दुसऱ्याच्या वंशाला नावे ठेवणे, या दोन्ही गोष्टी प्रेषितांनी (स.) जाहिलियतच्या खुणांत मोजल्या आहेत. उद्या टक्केवारीचा कागद स्थळांच्या बायोडाटासोबत फिरू लागला तर तीच जाहिलियत प्रयोगशाळेचा शिक्का घेऊन येईल. मला ही भीती अतिशयोक्त वाटत नाही.

आता अधिक नाजूक गोष्ट. कुळाचा शोध म्हणून घेतलेली चाचणी कधी कधी दोनशे वर्षे मागचे न सांगता कालचे सांगते. चुलत भाऊ रक्ताने चुलत नाहीत, किंवा पिता तो पिता नाही, असे तिच्यातून निघू शकते. मक्का येथील राबिता अल-आलम अल-इस्लामीच्या फिकह परिषदेने जानेवारी २००२ च्या सोळाव्या अधिवेशनात याचा विचार केला. तिचा निर्णय असा : शरीअतनुसार प्रस्थापित झालेला नसब पडताळून पाहण्यासाठी डीएनए चाचणी वापरणे जायज नाही, आणि ती लिआनची जागा घेऊ शकत नाही. रुग्णालयात मुलांची अदलाबदल झाली, आपत्तीत मुले हरवली, अज्ञात बालकावरून वाद झाला, अशा प्रसंगी मात्र तिचा आधार घेता येतो. म्हणजे जोडण्यासाठी परवानगी आणि तोडण्यासाठी मनाई. भारतीय कायद्याची दिशाही याहून फार वेगळी नाही. वैध विवाहात जन्मलेल्या मुलाला औरस मानण्याचा जुना नियम आजच्या साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये कायम आहे.

बुखारीतील तो बदू आठवा. पत्नीला काळ्या रंगाचे मूल झाले म्हणून मनात शंका घेऊन तो प्रेषितांकडे (स.) आला. प्रेषितांनी (स.) त्याच्या उंटांचे रंग विचारले. लाल, म्हणाला. त्यांत एखादा राखाडी? आहे. तो कोठून आला? एखाद्या जुन्या रक्ताने ओढला असेल. मग हेही तसेच असेल, असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. अनुवंशाचा दाखला येथे देण्यात आला तो संसार वाचवण्यासाठी.

शिवाय आपली लाळ आपली एकट्याची नसते. तिच्यात भावाची, काकांची, न जन्मलेल्या नातवांचीही माहिती असते. अमेरिकेतील २३अँडमी या मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ज्या नातेवाइकांना कोणी विचारलेही नव्हते, त्यांची अमानत अशा रीतीने बाजारात आली. नळीत लाळ भरण्यापूर्वी घरातल्यांची संमती घेणे एवढे तरी आपण करू शकतो.

मग शोध कोठे घ्यावा? तिर्मिजीतील हदीसनुसार नसब शिकायचा तो नाती जोडता यावीत एवढ्यासाठी. आणि नात्यासाठी अरबीत जो शब्द आहे, ‘रहिम’, त्याचा अर्थ आईचे उदर. आपल्या वंशावळी मात्र वाय गुणसूत्रासारख्याच आहेत : बापाकडून मुलाकडे. तलाठ्यापुढे वारस नोंदीसाठी जे वंशवृक्ष दाखल होतात, त्यांतील कित्येकांत बहिणी नसतात, किंवा असल्या तर पुढच्याच पानावर त्यांचे हक्कसोडपत्र असते. सूरह अन-निसाने (४:७) मातापिता व आप्तांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिला आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजासाठी हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी घरातला सातबारा काढून पाहा. त्यावर फुफीचे नाव आहे का? आजीच्या माहेरचे गाव कोणते, तिच्या वडिलांचे नाव काय, हे घरात आज कोणाला सांगता येते? ज्यांना येते त्या वृद्ध स्त्रिया अजून ओसरीवर बसलेल्या आहेत. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि मुलींची नावे मुलांच्या आधी लिहा.