पहिला नंबर आणि प्रारब्ध

४ जानेवारी २००७. एडमंटनच्या बर्फावर डॅलस स्टार्सचा संघ एका गोलने पुढे होता आणि खेळ संपायला काही सेकंद उरले होते. बरोबरी साधायला एडमंटनने आपला गोलकीपरच बाहेर काढून एक जादा आक्रमक उतरवला होता, म्हणजे त्यांचं जाळं सताड उघडं. डॅलसचा पॅट्रिक श्टेफान पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजीची चकती, घेऊन एकटाच त्या जाळ्याकडे निघाला. मध्ये कुणी नाही. नुसतं ढकलायचं होतं. अगदी तोंडाशी आल्यावर पक उसळला, काठीखालून निसटला आणि श्टेफान बर्फावर आडवा झाला. तोच पक घेऊन एडमंटनचे खेळाडू उलटे धावले आणि दोन सेकंद उरले असताना अलेश हेम्स्कीने बरोबरी केली. पुढे शूटआउटमध्ये जिंकलं डॅलसच, पण ते फारसं कुणी आठवत नाही. आठवते ती श्टेफानची फजिती.

या फजितीला इतकी वर्षं हसलं जातं, त्याला कारण आहे. हा श्टेफान १९९९ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. आपल्याकडे हॉकी म्हणजे मातीची नाहीतर टर्फची. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची आणि तिचं शिखर म्हणजे एनएचएल. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर या लीगचे संघ अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची क्रमाने निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आता सात फेऱ्या होतात आणि २२४ नावं पुकारली जातात. पहिल्या नंबरचा पोरगा म्हणजे त्या वर्षीचा भाग्यवंत.

श्टेफानचा पहिला नंबर मात्र निम्मा सौद्यातून आलेला होता. व्हँकुव्हर संघाचे व्यवस्थापक ब्रायन बर्क यांना डॅनियल आणि हेन्रिक सेडीन ही स्वीडिश जुळी भावंडं दोन्ही हवी होती. त्यांनी खटपटी करून निवडीचे वरचे हक्क गोळा केले आणि पहिला हक्क अटलांटाला देऊन टाकला. बदल्यात दुसरा घेतला. बोली एवढीच की अटलांटाने सेडीनला हात लावायचा नाही. अटलांटाने श्टेफान घेतला. सेडीन भाऊ व्हँकुव्हरकडून प्रत्येकी तेराशेवर सामने खेळले, दोघांचेही हजारावर गुण झाले, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. श्टेफान ४५५ सामने आणि ६४ गोलांवर थांबला. दुखापतींनी त्याला तिशीच्या आतच खेळ सोडायला लावला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथा आलेल्या पावेल ब्रेंडलने आदल्या हंगामात कॅल्गरीच्या ज्युनियर संघासाठी ७३ गोल केले होते. एनएचएलमध्ये तो ७८ सामने खेळला, गोल अकरा. आणि २१० व्या क्रमांकावर, जिथपर्यंत बरेच पत्रकार थांबतही नाहीत, डेट्रॉइटने उचललेला हेन्रिक झेटरबर्ग पुढे त्या संघाचा कर्णधार झाला.

याचा अर्थ काय लावायचा? मराठी घरात याला एक शब्द तयार असतो: प्रारब्ध. वेदान्ताची मांडणी अशी, की जन्मोजन्मीचं साठलेलं ते संचित, त्यातलं या देहात भोगायला काढलेलं ते प्रारब्ध आणि आता करतो ते क्रियमाण. प्रारब्ध भोगूनच संपतं. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्व्हिनने वेगळ्या वाटेने अशीच धास्ती घातली: कोण तरणार आणि कोण नाही, हे देवाने आधीच ठरवलंय. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं पुढचं निरीक्षण मोठं मार्मिक आहे. आपण निवडलेल्यांत आहोत की नाही हे कळेना, म्हणून कॅल्व्हिनचे अनुयायी धंद्यातल्या यशात देवाच्या कृपेची खूण शोधू लागली.

ड्राफ्टच्या मंचावर हेच चालतं. अठराव्या वर्षी गळ्यात जर्सी पडते ती खूण. मग खेळाडू यशस्वी झाला तर निवडणाऱ्याची नजर थोर. नाही झाला तर पोराच्या मनातच काहीतरी कमी होतं. ‘भूक नव्हती’, ‘मेहनतीला कमी पडला’ हे ठरलेले शेरे. म्हणजे आधी प्रारब्ध आणि मागाहून क्रियमाण, आणि दोन्हीकडून सापडतो तोच.

मेहनतीचं फळ मिळतंच, ही या खेळाची खरी श्रद्धा आहे आणि ती हिशेबात टिकत नाही. ३२ संघ, प्रत्येकात २३ खेळाडू. म्हणजे साऱ्या जगासाठी साडेसातशेच्या आत जागा. सगळ्यांनी दुप्पट घाम गाळला तरी त्या वाढत नाहीत. एक जण वर आला की एक जण खाली, एएचएल किंवा ईसीएचएल या खालच्या लीगच्या रात्रीच्या बस-प्रवासात. आणि घामाआधीचंही काही असतं. १९८५ च्या सुमारास कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले, तर जानेवारी ते मार्चची गर्दी. कारण साधं: लहानपणचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोराड असतो, म्हणून निवडला जातो, म्हणून चांगला प्रशिक्षक आणि जास्त बर्फ त्याच्या वाट्याला येतो. आपला ज्योतिषी ऐकून खूश होईल. पण इथे ग्रह काही करत नाहीत, वयोगटाचं परिपत्रक करतं.

ह्यू जेसिमनची गोष्ट तर कुठल्याच शेऱ्यात बसत नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला बारावा उचलला. साडेसहा फूट उंच, न्यूयॉर्कमध्येच जन्मलेला, डार्टमथ कॉलेजचा. मग घोटा दुखावला. वर्षानुवर्षं छोट्या लीगमध्ये खेळून २०११ मध्ये फ्लोरिडाकडून त्याला एनएचएलचे सामने मिळाले: दोन. त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या डस्टिन ब्राउनने कर्णधार म्हणून एनएचएलचा विजेतेपदाचा स्टॅन्ले कप दोनदा उचलला. उलट बाजूला डेव्हिड एअर्स, वय ४२, बर्फ सपाट करणारं यंत्र चालवणारा माणूस. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले. राखीव म्हणून हजर असलेला एअर्स उतरला, आठ फटके अडवले आणि एनएचएलच्या वहीत त्याच्या नावावर विजय लागला.

इथे कुणीतरी गीता काढतोच. कर्म कर, फळ सोड. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी या उपदेशाचा अर्थ कर्मयोग असा लावला आणि हात जोडून बसणाऱ्यांना उठवलं. उपदेश खोटा नाही. बसमध्ये गुडघ्याला बर्फ बांधून बसलेला अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू तो स्वतःला सांगत असेल, तर त्याच्याइतका खरा गीतेचा वाचक दुसरा नाही. कॅनडातल्या शीख कुटुंबातला रॉबिन बावा, एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस, चार संघांत मिळून ६१ सामने खेळला. त्याची बाकीची कारकीर्द छोट्या लीगमध्येच गेली. तिथे काहीतरी निष्काम असल्याशिवाय माणूस टिकत नाही. पण हेच वाक्य संघाचा मालक बोलला, की त्याची पगार वाचवण्याची युक्ती होते. फळाची आशा सोडायला सांगण्याचा अधिकार फळ वाटणाऱ्याला नाही.

आणि प्रारब्ध हा शब्द तर काही ठिकाणी उच्चारूच नये. १३ मार्च १९४८ ला माँट्रियलच्या फोरममध्ये रेंजर्सच्या बाकावर लॅरी क्वाँग बसला होता, चिनी आईबापांचा ब्रिटिश कोलंबियातला मुलगा, रेंजर्सच्या छोट्या संघातला आघाडीचा गोल करणारा. पहिला भाग गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या शेवटी त्याला सुमारे एक मिनिट बर्फावर सोडलं. एनएचएलमधली त्याची सगळी कारकीर्द तेवढीच. क्वाँग क्विबेकच्या सीनियर लीगमध्ये गेला आणि १९५१ मध्ये तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच १९४८ मध्ये रेंजर्सनी हर्ब कार्नेगीला बोलावलं. टोरांटोत जमैकन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा खेळाडू क्विबेकमध्ये सलग तीन वर्षं आपल्या लीगचा सर्वोत्तम ठरला होता. त्याला देऊ केलं ते खालच्या संघातलं काम, तेही क्विबेकमध्ये मिळत होतं त्याहून कमी पैशांवर. त्याने नाही म्हटलं आणि परत गेला. एनएचएलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओ’री, उतरला तो १९५८ मध्ये. कार्नेगीच्या बाबतीत पकही उसळला नव्हता आणि घोटाही मोडला नव्हता. निर्णय माणसांनी घेतला होता आणि त्यांची नावं सांगता येतात. तो २०१२ मध्ये वारला. दहा वर्षांनी हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतलं, पण ‘बिल्डर’ या गटात. खेळाडू म्हणून घेतलं नाही.