कोरी वही

खासगीपणा जपणारे ॲप किंवा सेवा निवडताना आपण बहुतेक वेळा जाहिरातच वाचत असतो. कुलपाचे चित्र, ढालीचे चित्र, 'तुमची माहिती आम्ही कोणालाही देत नाही' हे वाक्य आणि त्याखाली 'मोफत डाउनलोड'. मग चर्चा सुरू होते ती या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही याची. कंपनी अमेरिकेतली की स्वित्झर्लंडमधली, मालक कसा आहे, लोक काय म्हणतात. माझ्या मते इथे दोरी चुकीच्या टोकाने धरली जाते. 'देणार नाही' हा शब्द आज प्रामाणिकपणे दिलेला असला तरी उद्या मोडू शकतो: न्यायालयाचा आदेश येतो, कंपनी विकली जाते, नवा मालक नवे धोरण आणतो. अशा वेळी कामाला येते ती एकच गोष्ट, द्यायला त्यांच्यापाशी मुळात काही होते का. म्हणून साधन निवडताना कंपनीची नियत जोखत बसण्यापेक्षा तिची वही बघावी. तिच्यात काय लिहिले जाते आणि काय लिहिण्याची सोयच ठेवलेली नाही, हे बघावे.

अशी वही प्रत्यक्ष उघडली गेल्याचा एक प्रसंग नोंदलेला आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून, एका ग्रँड ज्युरीच्या चौकशीसाठी, सिग्नल हे ॲप चालवणाऱ्या ओपन व्हिस्पर सिस्टिम्सकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागण्यात आली. नाव, पत्ता, आयपी पत्ते, कोणाशी संपर्क झाला याचा तपशील अशी लांबलचक मागणी होती. त्यातल्या एका क्रमांकाचे सिग्नलवर खातेच नव्हते. दुसऱ्याबद्दल संस्थेने दोनच गोष्टी दिल्या: खाते कधी उघडले आणि ते सेवेला शेवटचे कधी जोडले गेले. या उत्तरात कसलेही शौर्य नव्हते. कायदा मोडला नाही, आदेश धुडकावला नाही, जेवढे होते तेवढे मुकाट्याने दिले. वही जवळजवळ कोरी होती, कारण ती कोरी राहावी अशीच रचना आधी केलेली होती.

याच्या शेजारी 2021 मधले प्रोटॉनमेलचे प्रकरण ठेवले की मुद्दा अधिक बारीक होतो. स्वित्झर्लंडमधली ही ईमेल सेवा तेव्हा सांगत असे, की आम्ही मुळात आयपी पत्त्यांची नोंद ठेवत नाही. फ्रान्सच्या पोलिसांनी एका हवामान-चळवळीतल्या कार्यकर्त्याचा माग काढण्यासाठी युरोपोलमार्फत स्विस यंत्रणेकडे विनंती केली, स्विस यंत्रणेने प्रोटॉनला आदेश दिला, आणि कंपनीला त्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. गदारोळ झाला आणि संकेतस्थळावरचे ते वाक्य बदलले गेले. पण ईमेलचा मजकूर मात्र कंपनी देऊ शकली नाही; त्याची किल्लीच तिच्याकडे नव्हती. एकाच कंपनीच्या एकाच प्रकरणात दोन वेगवेगळे निकाल लागले. ज्या गोष्टीसाठी नुसता शब्द होता ती गेली, ज्या गोष्टीसाठी गणित होते ती राहिली. तेव्हा 'काय ठेवता?' एवढे विचारून भागत नाही. 'उद्या कोणी ठेवायला लावले तर काय ठेवता येईल?' हेही विचारावे लागते.

दुसरा धागा पैशाचा. मोफत मिळणाऱ्या संरक्षणाचे बिल कोणीतरी भरतच असते. अवास्ट या अँटिव्हायरसचे उदाहरण इथे फार बोलके आहे. वेबवर पाठलाग करणाऱ्या कुकीजपासून वाचवण्याची भाषा करत त्याने आपल्याच ग्राहकांचा ब्राउझिंगचा तपशील गोळा केला आणि जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक खरेदीदारांना विकला. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. फेसबुकने विकत घेतलेल्या ओनावो या व्हीपीएनचीही तीच कथा: सुरक्षेच्या नावाखाली वापरकर्ते दुसरी कोणती ॲप किती वापरतात याची माहिती मालकाला पोहोचत होती, आणि 2018 मध्ये ते ॲपलच्या ॲप स्टोअरमधून काढावे लागले. कुंपणानेच शेत खाणे आपल्याला नवे नाही. इथे फरक एवढाच, की कुंपण आपण स्वतः हौसेने घालून घेतले होते. उलट, सिग्नलमागे ना-नफा संस्था आहे, आणि नोंदणीच्या वेळी येणाऱ्या ओटीपीच्या एसएमएसवरच वर्षाला सुमारे 60 लाख डॉलर जातात, असा हिशेब तिने 2023 मध्ये जाहीर केला. देणग्यांवर चालणारी ही गाडी किती वर्षे धावेल, ही शंका रास्त आहे. पण निदान पेट्रोल कुठून येते ते दिसते.

व्हीपीएनबद्दल आपल्याकडे जरा जास्तच भाबडेपणा आहे. व्हीपीएन लावला म्हणजे आपण अदृश्य झालो असे नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला जे दिसत होते ते आता व्हीपीएनवाल्याला दिसू लागते, एवढाच पालट होतो. भारतात तर 28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण किमान पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनच्या यादीत 'भारत' राहिला खरा, पण तो पत्ता देणारी यंत्रे सिंगापूर आणि लंडनमध्ये उभी होती. म्हणजे वही कोरी ठेवायची तर कधी कधी दुकानच हलवावे लागते.

यावर पहिला आक्षेप पोलिसांच्या बाजूने येतो, आणि तो हलका नाही. कोऱ्या वह्या गुन्हेगारांनाही उपयोगी पडतात. पण प्रोटॉनच्या प्रकरणात तपास अडला नव्हता, आणि आदेश कायद्याच्या वाटेने आला होता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली संदेश वाचण्याची परवानगी गृहसचिव देतात. त्या वाटेवर न्यायाधीश कुठेच उभा नसतो. 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा सरकारलाच देऊन टाकली. दाराबाहेरची राखण अशी सैल असेल तर माणसाने आतून कडी लावली म्हणून त्याला संशयित कसे ठरवायचे? 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' हा आक्षेप मी इथेच सोडतो. तो करणारे लोक आपला फोन अनलॉक करून शेजाऱ्याच्या हातात देत नाहीत.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: एकट्याने चांगले साधन निवडून काय होणार? शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, सगळे व्हॉट्सॲपवर. ते सोडा म्हणणे म्हणजे गाव सोडा म्हणणे. हे मला मान्य आहे. पण गावात राहूनही वही पातळ करता येते. व्हॉट्सॲपचा मजकूर 2016 पासून दोन्ही टोकांना बंदिस्त आहे हे खरे. बॅकअप मात्र आपण सांगितल्याशिवाय तसा बंदिस्त होत नाही. सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', त्यात 'चॅट बॅकअप', त्यात एन्क्रिप्शनचा पर्याय 2021 पासून आहे. तो चालू केला नाही, तर जपून केलेले बोलणे गूगल ड्राइव्हवर त्या कुलपाशिवाय पडून असते. चालू केला तर पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली सांभाळावी लागते, आणि ती हरवली तर बॅकअपही गेला. ही किंमत ज्याला जड वाटते त्याने तो पर्याय बंद ठेवावा, फक्त आपण काय निवडले हे ठाऊक असू द्यावे.

आणि आपण कडी लावली तरी दुसऱ्याचे दार उघडेच असते. कपड्यांच्या दुकानात बिलाआधी 'मोबाइल नंबर?' विचारला जातो आणि मागे रांग असते. नंबर दिल्याशिवाय बिल अडवू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2023 मध्ये सांगितले आहे, पण ते काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नसते. शिवाय आपला नंबर शंभर-दोनशे लोकांच्या फोनमध्ये आधीच आहे, कुठे नुसत्या नावाने, कुठे 'तिसरा मजला', कुठे 'एलआयसीवाले काका'. त्यांपैकी कोणी एक नवे ॲप उतरवतो, ते संपर्क पाहण्याची परवानगी मागते, आणि तो न वाचता 'अलाव' दाबतो. त्या वहीत आपली ओळ आपण लिहिलेली नसते, आणि ती खोडण्याचे बटणही आपल्या फोनवर नसते.