‘आपण’ जिंकलो म्हणजे नक्की कोण?

इंग्रजीला एकाच ‘वी’वर भागवावं लागतं. मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. फुटबॉलच्या स्टँडमध्ये शेजाऱ्याला मिठी मारताना कुणी ‘आम्ही जिंकलो’ म्हणत नाही. ‘आपण जिंकलो’ म्हणतात, आणि तेही ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसाला.

पण पळत होते मैदानातले अकरा जण. आपण पायरीवर उभं राहून ओरडत होतो. मग या ‘आपण’ला आधार काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट विचारला तो मामांनी. मुंबई सिटीची मॅच बघायला मी आणि एक मित्र राहात्याहून निघालो होतो. मुंबईचे लोक रात्रभर प्रवास करून शेजारच्या शिर्डीला येतात, आम्ही उलट्या दिशेनं चाललो होतो. पिशवीत बागेतले पेरू. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी जाताना एक रात्र बसमध्ये, येताना दुसरी. मामांना खेळाचं वावडं नाही, पण हा हिशेब काही जुळेना. म्हणाले, “आपली टीम, आपली टीम करतोस. शेअर हाये का तुझा त्यात?”

हा टोमणा नव्हता. आमच्या तालुक्यात हा अगदी सरळ प्रश्न आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, १९५०च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून इथला सभासद ‘आपला कारखाना’ म्हणतो, तेव्हा त्याच्या घरात शेअरचा कागद असतो आणि निवडणुकीत एक मत असतं. त्या मताचं पुढं काय होतं यावर पारावर वाद होतात, पण वाद घालायचा हक्क तरी कागदावर आहे. मामांच्या लेखी माणूस एकतर सभासद असतो, नाहीतर गिऱ्हाईक.

मी तिकीट काढलेलं गिऱ्हाईक होतो. आझाद नगर मेट्रो स्टेशनला उतरलो तेव्हा गर्दीत मुंबईच्या आकाशी जर्सी दिसायला लागल्या, आणि बरोबरीनं केरळा ब्लास्टर्सच्या पिवळ्याही. अंधेरीचं स्टेडियम छोटं आहे. ढोल थांबला की खेळाडूंनी एकमेकांना दिलेले आवाजसुद्धा ऐकू येतात. मुंबईचा गोल झाला आणि पुढच्या रांगेतले एक काका वळून माझ्या गळ्यात पडले. गोल मारणारा परदेशी, काका मालाडचे, मी राहात्याचा. तरी त्या क्षणी ‘आपण’ सोडून दुसरा शब्द सुचला नसता.

हा शब्द किती कच्च्या पायावर उभा आहे हे पुण्याकडं बघून कळतं. एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीत खेळली. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि लीगमधली तिची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. २०२२ मध्ये हैदराबादनं गोव्यात केरळला हरवून आयएसएल जिंकली. २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला गेला, नाव बदलून. यातल्या एकाही निर्णयात स्टँडमधल्या माणसाला मत नव्हतं.

यावर एक उत्तर भक्तीचं आहे. शिर्डीला येणाऱ्याला कुणी शेअर विचारत नाही. प्रेम करायला मालकी कशाला हवी? ऐकायला छान वाटतं. पण क्लब देव नव्हे, कंपनी आहे. आणि कधीच हिशेब न मागणारा भक्त कुठल्याही कंपनीला आवडेलच.

दुसरं उत्तर असं की आमच्या आवाजानं टीम जिंकते, म्हणून विजयात आमचा वाटा. तेही फार टिकत नाही. २०२०-२१चा सगळा सीझन कोविडमुळं गोव्यात रिकाम्या स्टँडसमोर खेळला गेला, आणि नेमकं त्याच वर्षी मुंबईनं लीग शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. आमच्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

मग चाहत्याची गरज कशाला? याच अंधेरीत १ जून २०१८ रोजी भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी कॅप्टन सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध स्टेडियम भरलं. ५-० जिंकलेल्या टीमला कमी काय होतं? गोल तर नव्हते. तो विजय ‘आपला’ म्हणून घरी नेणारी माणसं कमी होती.

म्हणून मला वाटतं, ‘आपण’ म्हणजे श्रेयावरचा दावा नाही, ते वचन आहे. त्याची परीक्षा जिंकल्यावर होत नाही. टीव्हीसमोर क्रिकेट बघताना बघा: जिंकलं की ‘आपण जिंकलो’, हरलं की ‘हे लोक हरले’. हरल्यावरही ज्याच्या तोंडून ‘आपण’च निघतं, त्यानंच तो शब्द कमावला.

आणि वचन एकतर्फी असू नये. लंडनमधला विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. नवव्या स्तरावरून सुरुवात करून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोचला. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच ठेवावी लागतात. म्हणजे मामांचा प्रश्न तिथल्या फुटबॉलनं कधीच विचारून ठेवलाय.

आपल्याकडं निदान एवढं तरी मागता येईल: क्लबचं शहर, नाव किंवा रंग बदलायचा असेल, तर त्या बैठकीत स्टँडमधल्या लोकांची एक खुर्ची आणि एक मत असावं. दोन रात्री बसमध्ये काढून, हरल्यावरही पुढच्या मॅचचं तिकीट काढणारा माणूस केव्हाच सभासद झालेला असतो. कागद तेवढा मिळायचा राहिलाय.